मशीन हिसकावलं, हात नाही लावला. तरी ‘३५३’ लागतं का?

ठाण्यातल्या तीन हात नाक्यावर भाच्याची वाहतूक हवालदाराशी जुंपली, त्याने हातातलं ई-चलन मशीन हिसकावलं, पण हवालदाराच्या अंगाला बोट लावलं नाही. मग पाच वर्षांची शिक्षा कशी, असं तुम्ही विचारलंय.

आधी त्या पाच वर्षांचं. ३५३ म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम: सरकारी नोकराला काम करू न देण्यासाठी त्याच्यावर हल्ला किंवा बळाचा वापर. त्याला मुळात दोनच वर्षं होती. महाराष्ट्राने २०१८मध्ये दुरुस्ती करून ती पाच केली. पण १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात हे कलम १३२ आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. कोर्ट नाक्याला आमच्या तोंडात अजून ३५३च बसलंय, म्हणून जुना आकडाही फिरत राहतो.

आता मशीन. ‘अंगाला हात लावला नाही’ हा बचाव मी इतक्यांदा ऐकलाय! कलम १२८मध्ये बळाची व्याख्या वाचा. समोरच्याच्या अंगावर किंवा हातात असलेल्या वस्तूला लागलेला जोरही त्यात येतो. टोपी उडवली, मशीन ओढलं, की पोलिसांना पुरतं. मारायच्या आवेशात अंगावर धावून गेलात तर न शिवताही हल्ला होऊ शकतो. नुसती तोंडाची वटवट मात्र हल्ला नाही, हे कलम १३०च्या स्पष्टीकरणातच आहे. बंगळूर वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिली म्हणून एका जोडप्यावर ३५३ लावलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५मध्ये रद्द केलं.

नुसता अडथळा असेल तर कलम २२१: तीन महिने किंवा २,५०० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि जामीनपात्र. म्हणून फिर्यादीची प्रत आधी मिळवा. त्यात ‘हिसका दिला’ आहे की ‘हाताला दुखापत झाली’ आहे ते बघा. सिव्हिल हॉस्पिटलचा दुखापतीचा दाखला जोडला असेल तर प्रकरण कलम १२१वर जातं, तिथे पाच वर्षं खरोखरच आहेत. गंभीर दुखापत असेल तर किमान एक, कमाल दहा.

१३२ अजामीनपात्र असलं तरी अटक झालीच पाहिजे असं नाही. शिक्षा सात वर्षांच्या आत असल्याने बहुधा आधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस येते. ती आली तर भाच्याने ठरल्या वेळी एका वकिलासह जावं. सोसायटीतली दहा माणसं आणि नगरसेवक नकोत, त्याने साहेबांचा पारा आणखी चढतो. अटकेची भीती वाटत असेल तर ठाणे सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करता येतो.

नाक्यावरच्या सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवावं, असा लेखी अर्ज आजच द्या. थोड्या दिवसांत त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. आणि हवालदाराला घरी गाठून ‘मिटवून घ्या’ म्हणू नका. हा गुन्हा तडजोडीचा नाही, त्याने मनात आणलं तरी तो मागे घेऊ शकत नाही. उलट साक्षीदारावर दबाव आणला म्हणून जामिनाला विरोध होईल.