तुमची लेक आठ महिन्यांची, की सहा?

पत्र: माझी मुलगी मे महिन्याच्या मध्यावर, ३२ आठवडे पूर्ण होताच जन्मली. जन्मवजन १ किलो ६०० ग्रॅम होते आणि सुरुवातीचे काही आठवडे ती रुग्णालयात काचेच्या पेटीत होती. संक्रांतीनंतर आमच्या घरी तिचे आणि जाऊबाईंच्या मुलीचे बोरन्हाण एकत्र झाले. दोघी एकाच पंधरवड्यात जन्मल्या. जाऊबाईंची मुलगी मात्र पूर्ण दिवसांची. ती पाटावर ताठ बसली आणि बोरांमागे रांगत गेली. माझी हात टेकून क्षणभर बसते आणि एका बाजूला कलंडते. जमलेल्या बायकांनी विचारले, “आठ महिने झाले ना गं हिला?” सासूबाई पांगुळगाडा आणायला सांगतात आणि मालिश करणाऱ्या मावशींना “जरा जोर लाव” म्हणतात. यजमान म्हणतात, “होईल सगळे, तू उगाच डोके पिकवतेस.” तशी ती मान नीट धरते, दोन्ही कुशींवर वळून पालथी पडते, खुळखुळा एका हातातून दुसऱ्या हातात घेते, आवाज दिला की वळून पाहते, खदाखदा हसते. पण बसत नाही. सातव्या महिन्यात मी माहेरी जाताना एस.टी.चा लांबचा प्रवास केला होता, त्यामुळे तर हे झाले नसेल ना? रात्री ती झोपली की मी मोबाइलवर इतरांची बाळे पाहत बसते. तिच्याकडे पाहताना मी आधी मोजते आणि मग पाहते. – एक आई, कोल्हापूर जिल्हा

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची माहिती पहिल्याच वाक्यात आहे, आणि बोरन्हाणाला जमलेल्या एकीनेही ती हिशेबात धरलेली दिसत नाही. गर्भारपणाचे पूर्ण दिवस ४० आठवड्यांचे धरले जातात. तुमची लेक ३२ आठवड्यांची असताना, म्हणजे ठरलेल्या तारखेच्या ८ आठवडे आधी जन्मली. अशा बाळाची वाढ आणि विकास पाहताना बालरोगतज्ज्ञ जन्मतारखेपासून नव्हे, तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून महिने मोजतात. यालाच सुधारित वय म्हणतात आणि साधारणपणे दोन वर्षांपर्यंत त्याच वयाचा आधार घेतला जातो. त्या हिशेबाने तुमची लेक आठ महिन्यांची नसून सहा महिन्यांची आहे, आणि जाऊबाईंची मुलगी विकासाच्या दृष्टीने तिच्यापेक्षा जवळजवळ दोन महिन्यांनी मोठी आहे. पाटावर शेजारी बसवलेल्या त्या दोन मुली समवयस्क नव्हत्याच. या वयात दोन महिन्यांचे अंतर फार मोठे असते. सहा महिन्यांचे बाळ कलंडते आणि आठ महिन्यांचे बसते, यात कोणाचेही काही चुकलेले नाही.

आता तुम्हीच लिहिलेली यादी पुन्हा वाचा. मान धरणे, दोन्ही कुशींवर वळणे, वस्तू या हातातून त्या हातात घेणे, आवाजाकडे वळणे, मोठ्याने हसणे, हात पुढे टेकून थोडा वेळ बसणे, ही सगळी सुमारे सहा महिन्यांच्या बाळाची कामे आहेत आणि तुमची लेक ती करते आहे. पत्रात मात्र ही सारी माहिती तुम्ही “तशी ती” या दोन शब्दांमागे ठेवली आणि “पण बसत नाही” यावर येऊन थांबलात. हे वाचताना मला वाईट वाटले, कारण काचेच्या पेटीत दिवस काढलेल्या मुलीने इतके सगळे मिळवले आणि त्याचे कौतुक करायला घरात कोणाला सवड झाली नाही.

पूर्ण दिवसांच्या बाळांमध्येसुद्धा विकासाची तारीख एक नसते. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या निरोगी बालकांच्या हालचालींचा अभ्यास केला आणि त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने इतका पसरलेला आढळला, आणि आधाराशिवाय चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने. सुमारे ४ टक्के बालके हात आणि गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरीही चालू लागली. हा अभ्यास पूर्ण दिवसांच्या बाळांचा असल्यामुळे तुमच्या मुलीला तो लावताना सुधारित वयच धरावे लागेल. तसे धरले तर बसण्यासाठी तिच्यापुढे अजून पुष्कळ अवकाश आहे. म्हणून बाळ कोणत्या तारखेला काय करते यापेक्षा ते महिन्यागणिक पुढे सरकते आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे असते. गेल्या महिन्यात जे जमत नव्हते त्यातले काही या महिन्यात जमू लागले आहे का, हा प्रश्न स्वतःला विचारत जा.

इतके सांगूनही तुमच्या यजमानांचे “होईल सगळे” मी जसेच्या तसे स्वीकारणार नाही. त्यांचा हेतू तुम्हाला धीर देण्याचा असेल, पण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांमध्ये हालचाली, दृष्टी आणि श्रवण यांच्या अडचणींचा संभव इतर बाळांपेक्षा अधिक असतो, म्हणून त्यांची ठरावीक काळाने तपासणी व्हायलाच हवी. अडचण असलीच, तर पहिल्या वर्षात सुरू झालेल्या व्यायामांचा आणि उपचारांचा लाभ सर्वाधिक होतो. काही झालेले नाही असे गृहीत धरून वाट पाहणे आणि काहीतरी बिघडले आहे असे गृहीत धरून पांगुळगाडा आणणे, या दोन्हींमध्ये बाळाची तपासणी राहूनच जाते.

रुग्णालयाची जुनी कागदपत्रे काढा आणि दोन गोष्टी शोधा. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांचा पडदा जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच नेत्रतज्ज्ञाने तपासायचा असतो आणि सांगितले असेल तितक्या वेळा ती तपासणी पुन्हा करायची असते. ती पूर्ण झाली होती का, ते पाहा. अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाच्या श्रवणाची यंत्राने चाचणी करतात. ती झाली नसेल, तर बाळ आवाजाकडे वळते एवढ्यावर समाधान मानू नका, कारण दोन्ही कानांनी बारीक आवाज नीट ऐकू येतात की नाही हे घरी टाळी वाजवून कळत नाही. याच भेटीत लोह आणि ‘ड’ जीवनसत्त्वाच्या थेंबांविषयीही विचारा. बाळाच्या शरीरात लोहाचा साठा मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत होतो आणि तुमच्या मुलीला तो काळ पुरता मिळालेलाच नाही. वरचे अन्न सुरू झाले नसेल, तर उष्टावणाचा मुहूर्त पाहण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

काही लक्षणे दिसली तर मात्र पुढच्या भेटीची वाट न पाहता बाळाला दाखवावे. पाय सतत ताठ राहणे किंवा उचलल्यावर कात्रीसारखे एकमेकांवर जाणे, मुठी अजूनही बहुतेक वेळ आवळलेल्या असणे, अंग फारच लुळे वाटणे, एकच हात किंवा एकच बाजू वापरणे, नजरेला नजर न देणे, आणि आधी येत असलेली गोष्ट येईनाशी होणे, ही ती लक्षणे. त्यांतले एका हाताचे लक्षण घरात अनेकदा कौतुकाने पाहिले जाते. “आमचे बाळ डावखुरे होणार” असे हसत म्हटले जाते, परंतु वर्षाच्या आत हाताची ठाम निवड दिसली तर दुसऱ्या हाताकडे तज्ज्ञांनी पाहणे आवश्यक असते. तुमच्या पत्रातल्या वर्णनात यांपैकी काही आढळत नाही, हे मी मुद्दाम नमूद करते. पण पत्रावरून बाळ तपासता येत नाही, तेव्हा ते काम डॉक्टरांनीच केले पाहिजे.

खासगी बालविकासतज्ज्ञ तुमच्या गावापासून दूर असतील किंवा खर्च परवडणारा नसेल, तर आशाताई किंवा अंगणवाडी सेविका यांच्याशी बोला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीसाठी असलेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. विकासात मागे पडलेल्या बालकांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे त्याच कार्यक्रमात येतात आणि तिथे बालरोगतज्ज्ञांबरोबर भौतिकोपचार व श्रवणतपासणीची सोय अपेक्षित असते. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवा. त्याच्या पहिल्या पानावर अपेक्षित तारीख आणि जन्मतारीख शेजारी शेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलीत, तर प्रत्येक नव्या डॉक्टरांपुढे तोच हिशेब पुन्हा मांडावा लागणार नाही.

पांगुळगाडा आणू नका, याबाबत मी ठाम आहे. त्यामुळे मूल लवकर चालत नाही. उलट, बसवलेल्या जागी लोंबकळत बोटांवर ढकलण्याची सवय लागते, आणि पाठ व कंबर बळकट करणारी जमिनीवरची खटपट तेवढा वेळ बुडते. शिवाय अपघात फार होतात. बाळ क्षणात उंबऱ्यापर्यंत, ओट्याच्या कडेपर्यंत किंवा गरम भांड्यापर्यंत पोहोचते. कॅनडाने तर २००४ पासून पांगुळगाड्यांच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. सासूबाईंना हे सांगताना त्यांचे चुकले असा सूर लावू नका. नातीने चालावे ही त्यांची तळमळ खरी आहे, आणि त्या तळमळीला करण्याजोगे काम दिले की बराचसा विरोध मावळतो.

ते काम असे. स्वच्छ फरशीवर सतरंजी किंवा गोधडी अंथरून बाळाला जागेपणी दिवसातून अनेकदा, थोडा थोडा वेळ, पोटावर ठेवायचे आणि आजीने समोर पालथे पडून किंवा खाली बसून तिच्याशी बोलायचे. गादीवर हा उपयोग होत नाही, कारण मऊ गादीत हात रुततात आणि बाळाला रेटा देता येत नाही. झोपवताना मात्र पाठीवरच झोपवावे. बसण्याच्या सरावासाठी तुम्ही पाय पसरून बसा, तिला दोन मांड्यांच्या मधे बसवा आणि वाटी किंवा लाकडी चमचा तिच्या पुढ्यात ठेवा, म्हणजे ती एका हाताने तोल सावरत दुसरा हात पुढे करील. कलंडू लागली की लगेच सावरू नका. मांडीचा आधार आहेच, तिला स्वतःला सावरण्याचा प्रयत्न करू द्या. उशा रचून तिला तासभर बसवून ठेवण्यात काही अर्थ नाही.

मालिशही चालू ठेवावी, कारण तेलाच्या हलक्या हाताने बाळाला आणि आईलाही सुख मिळते. जोर लावून सांधे ताणणे, पायांना धरून उलटे झुलवणे, नाका-कानांत तेल सोडणे हे सारे आजपासून बंद करा. मावशींनी ऐकले नाही, तर आंघोळ तुम्ही किंवा सासूबाई घाला. हाडे दाबल्याने बसणे लवकर येत नाही आणि इजा मात्र होऊ शकते. याच ओघात बोरन्हाणाविषयीही एक सांगते. हा सोहळा मला फार प्रिय आहे, पण बोरे, हरभरे, शेंगदाणे, उसाचे तुकडे या वयात घशात अडकतात, तेव्हा रथसप्तमीपर्यंत आणखी कोणाकडे जाणार असाल तर वरून चुरमुरे थोडे टाका आणि खाली पडलेले सगळे ताबडतोब उचला.

एस.टी.च्या प्रवासाचा प्रश्न तुम्ही पत्रात एका ओळीत उरकला आहे, तरी तो तुम्ही बरेच महिने मनात वागवत असणार. दिवसांआधी होणाऱ्या प्रसूतीमागे जंतुसंसर्ग, रक्तदाब, जुळी बाळे अशी काही कारणे आढळतात, आणि कित्येकदा कसून शोधूनही एकही कारण सापडत नाही. माहेरी जाण्यासाठी बसमध्ये बसलेल्या असंख्य गर्भवती स्त्रिया पूर्ण दिवसांच्या बाळांना जन्म देतात. त्या प्रवासाचा दोष तुम्ही स्वतःवर घ्यावा असे मला तुमच्या पत्रात काहीही दिसले नाही. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना एकदा सरळ विचारा आणि त्यांच्या तोंडून उत्तर ऐका.

“आधी मोजते आणि मग पाहते” हे तुमचे वाक्य मात्र मी गंभीरपणे घेते. बाळ अतिदक्षता विभागात असताना आईला दिवसरात्र आकडेच ऐकवले जातात, आज वजन किती, प्राणवायू किती, दूध किती मिलिलीटर, आणि घरी आल्यावरही ती सवय सुटत नाही. रात्री मोबाइलवर अनोळखी बाळे पाहणे आधी थांबवा. पालकांनी हौसेने टाकलेले क्षण तिथे दिसतात, त्या बाळांचे कलंडणे दिसत नाही. बाळ झोपलेले असतानाही तुम्हाला झोप न लागणे, भूक मरणे, सारखे रडू येणे, कशातच आनंद न वाटणे असे दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते आणि ते उपचारांनी बरे होते. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून विनाशुल्क बोलता येते. जगणेच नकोसे वाटले, तर त्याच क्षणी यजमानांना उठवा आणि रुग्णालयात जा. यजमानांना हा परिच्छेद वाचायला द्या. “उगाच डोके पिकवतेस” असे म्हणण्याऐवजी त्यांनी रात्रीची एक पाळी स्वतःकडे घ्यावी आणि पुढच्या तपासणीला तुमच्यासोबत यावे.

ती तपासणी फार दूर नाही. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर असते, आणि लसीकरणासाठी सुधारित वय धरायचे नसते. लसी जन्मतारखेप्रमाणेच वेळेवर द्यायच्या असतात. म्हणजे फेब्रुवारीच्या मध्याला तुम्ही आरोग्य केंद्रात जाणारच आहात. त्याच दिवशी वजन, उंची आणि डोक्याचा घेर मोजून घ्या, ते सुधारित वयाच्या रेषेवर मांडायला सांगा, आणि वर लिहिलेले प्रश्न कागदावर उतरवून न्या. जाऊबाईंनाही सोबत चला म्हणावे. त्यांच्या मुलीचीही लस त्याच सुमाराला येते, आणि त्या दिवशी बोरन्हाणाला विचारला गेलेला प्रश्न त्यांनी विचारल्याचे तुम्ही लिहिलेले नाही.