कराटे सोडण्याआधी

चि.स अनेक आशीर्वाद.

एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती यांच्या मिश्र लढतीच्या, जिममध्ये पहिल्याच दिवशी जेमतेम वर्षभर शिकलेल्या पोराने तुला खाली घेतलं आणि मागून गळा आवळला, हे वाचून मला नवल वाटलं नाही. खाली पडल्यावर काय करायचं हे तुला कराटेच्या वर्गात कुणी शिकवलंच नव्हतं. पण त्यावरून ‘पारंपरिक कला म्हणजे नुसता नाच’ असं जे तू ठरवून टाकलंस, ते मला पटलेलं नाही.

1993 च्या पहिल्या यूएफसीचा, म्हणजे वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांना समोरासमोर आणणाऱ्या स्पर्धेचा, दाखला तू दिला आहेस. ब्राझिलियन जुजुत्सुवाल्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना शरण आणलं, खरं आहे. पण त्याच्या घराण्यात ही विद्या आली ती मित्सुयो माएदा या जपानी ज्यूदोपटूमुळे. रॉयसच्या वडिलांना, एलिओंना, 1951 मध्ये मासाहिको किमुराने हरवलं. तोही ज्यूदोवालाच. त्याने ज्या डावाने एलिओंचा हात मोडला, तो आज तुझ्या जिममध्ये ‘किमुरा’ म्हणूनच शिकवत असतील. मग यात जुनं कुठलं आणि नवं कुठलं?

मला विचारशील तर खरी फाळणी 1882 मध्येच झाली. एकविशीतल्या जिगोरो कानोने जुजुत्सु या जपानी झटापटीच्या कलेच्या दोन जुन्या परंपरा शिकून कोदोकान ही ज्यूदोची पहिली शाळा सुरू केली. जुजुत्सुत जीवघेणे डाव भरपूर होते. पण जोडीदारावर ते पूर्ण ताकदीने घालता येत नाहीत, त्यामुळे पुष्कळ सराव ठरवून दिलेल्या क्रमाने चाले: तू असा हात धर, मी तसा सोडवतो. कानोने घातक डाव कातामध्ये, म्हणजे अशा ठरलेल्या क्रमाच्या सरावात, ठेवले आणि मुक्त सरावातून, म्हणजे रांदोरीतून, काढून टाकले. उरलेले डाव मात्र विरोध करणाऱ्या माणसावर रोज, अंगात असेल तेवढ्या जोराने घालता येऊ लागले. वरवर पाहता त्याने कला सौम्य केली. प्रत्यक्षात तिला धार आली, कारण समोरचा खरोखर पडतोय की नाही हे आता रोज कळत होतं. म्हणून ‘आमचे डाव इतके घातक आहेत की स्पारिंगमध्ये (सरावाच्या लढतीत) वापरताच येत नाहीत’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की मी सावध होतो. वापरून पाहिलाच नाही, तो डाव ऐन वेळी हाताशी येईलच कसा?

ही कसोटी नव्या खेळांनाही लाव. स्पर्धेचे नियम हळूहळू अंगवळणी पडतात. ज्यूदोच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 2010 पासून पायाला हात घालण्यावर बंधनं आली आणि 2013 मध्ये उभ्याने पाय धरणं बंदच झालं. तेव्हापासून वाढलेल्या पोरांना पाय वाचवायची सवयच कमी. ब्राझिलियन जुजुत्सुत लोक आपणहून खाली बसून कुस्ती सुरू करतात. मॅटवर ते ठीक, पण अंगावर दोघे चालून आले तर? बॉक्सरची मूठ पट्ट्या आणि ग्लोव्हजमुळे शाबूत राहते, उघड्या हाताने कवटीवर मारली तर बोटांची हाडं मोडू शकतात. खेळ खोटा आहे असं मी म्हणत नाही, उलट दमछाक आणि भीती यांची खरी ओळख खेळातच होते. फक्त त्याची कुंपणं कुठे आहेत ते माहीत असावं.

आणि तुझं कराटे? ल्योटो माचिदा 2009 मध्ये यूएफसीचा विजेता झाला, तो शोतोकान या कराटेच्या शैलीवर वाढलेला. पाय रोवून न ठेवता आत-बाहेर होणं, लांबून एकदम झेप घेऊन मारणं, हे सगळं तिथलंच. अर्थात त्याने कुस्ती आणि जमिनीवरचे डावही शिकून घेतले होते. ते तुला शिकावंच लागेल.

तेव्हा कराटेचा वर्ग सोडू नकोस, पण सरांना सरळ विचार: आठवड्यातून एक दिवस जोडीदाराला ठरल्याबाहेरचं काही करू द्याल का? त्यांनी टाळलं, की तुला उत्तर मिळालंच. जिममध्ये पहिले काही महिने फक्त ग्रॅपलिंग, म्हणजे पकडीची झटापट, कर. पकड बसली की लगेच टॅप कर, म्हणजे थोपटून हार मान, हात मोडेपर्यंत थांबण्यात मर्दुमकी नाही. स्पारिंगला माउथगार्डशिवाय उभा राहू नकोस. आणि डोक्यावर जोरात मारामारी होणारं स्पारिंग दर आठवड्याला ठेवणारा प्रशिक्षक भेटला, तर त्याने कितीही विजेते घडवलेले असोत, दुसरी जागा शोध.