डाऊन सिंड्रोम असलेला माझा भाऊ ४६व्या वर्षी रोजची कामं विसरू लागलाय. हा डिमेन्शिया असेल का?

असू शकतो, पण आधी थायरॉइड, कान, मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकणं आणि नैराश्य हे सगळं तपासून घ्या. यांनीही माणूस असाच मंदावतो आणि यांवर उपचार आहेत. धोका मात्र खरा आहे. अमायलॉइड (अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकारात मेंदूत साचणारं प्रथिन) तयार करणारं जनुक २१व्या गुणसूत्रावर असतं आणि डाऊनमध्ये त्याची एक प्रत जास्तीची असते, म्हणून चाळिशीपर्यंत जवळपास सगळ्यांच्या मेंदूत अल्झायमरचे बदल आढळतात. लक्षणं बहुधा पन्नाशीच्या आसपास दिसतात. स्मृतीच्या नेहमीच्या चाचण्यांवर विसंबू नका. तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या क्षमतेशीच हवी. पूर्वी तो एकट्याने काय करायचा (बटणं लावणं, अंघोळ, चहा) ते लिहून डॉक्टरांना दाखवा. आणि चुकला तर कृपया रागावू नका.