अर्ज आत्ता कुणाच्या टेबलावर आहे?

"मॅडम, पहिल्या वर्षी स्कॉलरशिप आली, यंदा बंदच झाली. आता कॉलेज सोडावं लागणार का?"

दिवाळीनंतर परीक्षेचे फॉर्म निघाले की हा प्रश्न घेऊन दर वर्षी कुणी ना कुणी माझ्यासमोर बसतं. मी इंजिनिअरिंगच्या मुलांसोबत समुपदेशक म्हणून काम करते. यातल्या एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

तो स्वतःहून आला नव्हता. हजेरी कमी म्हणून वर्गशिक्षकांनी धाडला होता. बीड जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा, दुसऱ्या वर्षाला. बराच वेळ खाली बघून बसला. मी विचारलं, "जेवलास का?" तर म्हणाला, "संध्याकाळी जेवतो." मग कळलं की दोन महिन्यांपासून त्यानं मेस एक वेळची केली होती. फी भरायची राहिली होती आणि कार्यालयातून हाक येईल या धाकानं तो त्या बाजूच्या जिन्यानं जातच नव्हता. वर्ग त्याच जिन्यावर होते.

"माझा गणिताचा विषय राहिला ना, म्हणून बंद केली त्यांनी," तो म्हणाला. हे त्याला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. त्यानंच मनाशी ठरवून टाकलं होतं. घरी बोलला नव्हता, कारण "अण्णांना वाटेल, पोरगं नापास झालं."

माझा अनुभव असा की शिष्यवृत्ती अडली की मुलं आधी स्वतःलाच दोषी धरतात. पैशाची अडचण असते, पण त्याहून जास्त लाज असते. आणि लाज वाटली की माणूस चौकशी करत नाही. म्हणून मी धीराचे चार शब्द नंतरसाठी ठेवले आणि आधी एवढंच विचारलं, "तुझा अर्ज आत्ता कुणाच्या टेबलावर आहे?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "भरला होता की मॅडम, ऑगस्टमध्ये."

भरलेला अर्ज एका जागी थांबत नाही. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर, तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, तिथून प्राचार्यांच्या लॉगिनला आणि मग विभागाच्या कार्यालयात. यातल्या कुठल्याही टप्प्यावरून तो शेरा मारून मागे येऊ शकतो. आम्ही माझ्याच संगणकावर त्याचं खातं उघडायला घेतलं. ओटीपी येईना. नोंदवलेला नंबर वडिलांच्या जुन्या सिमचा होता आणि ते सिम रिचार्जअभावी बंद पडलं होतं. पासवर्ड मात्र वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला सापडला. खातं उघडलं. अर्ज परत पाठवलेला. शेरा एका ओळीचा: उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली आहे.

गणिताचं नावही नव्हतं. त्यानं ती ओळ दोनदा वाचली. "म्हणजे नाकारलेला नाही?" "नाही रे. परत पाठवलाय. दुरुस्त करून पुन्हा पाठव, म्हणून."

त्याच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळी कागदपत्रं होती, फार जपून ठेवलेली. तहसीलचा दाखला काढला. खाली स्पष्ट लिहिलं होतं, ३१ मार्चपर्यंत वैध. एका वर्षाचा दाखला तेवढाच चालतो. त्यानं प्रवेशाच्या वेळचाच पुन्हा जोडला होता, कारण "एकदा मंजूर झाली की चार वर्षं आपोआप चालू राहते" असं त्याला वाटत होतं. तसं नसतं. नूतनीकरणाचा अर्ज दर वर्षी आपणच भरायचा, सोबत चालू दाखला आणि मागच्या वर्षाची गुणपत्रिका जोडायची. दाखला तीन वर्षांचाही निघतो. पहिल्यांदाच तो काढला तर पुढचे दोन हेलपाटे वाचतात.

त्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती लागू होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, झाला असेल तर यात ५० टक्के शिक्षण शुल्क मिळतं. कुटुंबातल्या पहिल्या दोनच अपत्यांना ती मिळते. आणखी एक अट आहे, आधीच्या सत्रात किमान ५० टक्के हजेरी हवी. हे सांगितल्यावर तो गप्प झाला. स्कॉलरशिप गेली या समजुतीपायी तो वर्ग चुकवत होता, आणि ती खरोखर जाण्याची वेळ त्यातूनच आली असती. त्या दिवसापासून त्यानं तो जिना वापरायचा, एवढंच आमचं ठरलं. पहिल्या दिवशी मी सोबत गेले.

कार्यालयातल्या बाईंकडेही एकत्रच गेलो. त्या रागावतील असं त्याला वाटत होतं. त्यांनी कॅलेंडर बघितलं नि म्हणाल्या, "मुदत अजून आहे. दाखला आण, मी त्याच दिवशी पुढे पाठवते." मुदतवाढ बऱ्याचदा मिळते, पण तिच्या भरवशावर कुणी बसू नये.

मग घरी फोन. इथे तो अडला. मी म्हटलं, विषय राहिल्याचंही आजच सांग, दोन्ही एकदम. फोन लागला, त्यानं एका दमात सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता, मग अण्णा म्हणाले, "अरे मग आधी सांगायचं ना. तलाठ्याकडं मी उद्याच जातो." सातबारा, आधार, रेशनकार्ड घेऊन ते सेतू केंद्रात गेले. आठवड्याभरात दाखला आला. अर्ज पुढे सरकला, नवा मोबाईल नंबरही नोंदवला.

शिवाय वडील अल्पभूधारक, मुलगा वसतिगृहात. म्हणजे डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेतही तो बसत होता. पहिल्या वर्षी त्याचा अर्ज मंजूर झाला होता, पण पैसे मिळाले नाहीत अशी त्याची तक्रार होती. पैसे आले होते. आधार शेवटचं ज्या खात्याला जोडलं जातं तिथे ही रक्कम जमा होते. नवीन सिम घेताना दुकानदारानं त्याचं एक पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं होतं आणि आधार तिथे जोडलं गेलं होतं. आधारच्या संकेतस्थळावर कुठली बँक जोडलेली आहे ते दिसतं. अर्ज भरण्याआधी प्रत्येकानं ते पाहावं, हे मी आता पहिल्याच भेटीत सांगते. त्या विसरलेल्या खात्यातली रक्कम बघून तो आधी मेसवाल्या काकांची उधारी द्यायला पळाला.

फेब्रुवारीत अण्णांचा मला फोन आला. "मॅडम, धाकटी बारावीला आहे. तिचं कसं करायचं?" मी सांगितलं, २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के मिळतं. प्रवेश मात्र कॅपमधूनच घ्यायचा, आणि दाखला तीन वर्षांचा काढायचा.

"थांबा मॅडम," ते म्हणाले, "वही घेतो. परत सांगा."