जिलेटीनचे दोन कागद आणि बारावीनंतरचा प्रश्न

प्रिय विद्यार्थिनी,

निळा आणि पिवळा जिलेटीन कागद एकमेकांवर ठेवला की मधला भाग हिरवा होतो, पण त्याच जागी ‘वर निळा, खाली पिवळा’ हेही दिसत राहतं, असं तू लिहिलंस. सरांनी ‘काही प्रकाश शोषला जातो’ एवढ्यावर विषय संपवला आणि घरचे म्हणतात, चित्रकला की विज्ञान, एक काय ते ठरव.

सरांचं उत्तर बरोबर आहे, पण ते कागदापुरतं. डोळ्यात शिरतो तो हिरवाच प्रकाश. त्याचे दोन थर पाडतो मेंदू. एका जागी दोन रंग खरंच दिसतात का, यावर एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञांचं एकमत नव्हतं. तेव्हा तुझा प्रश्न पोरकट मुळीच नाही.

हे करून बघ. पांढरा आणि काळा कागद शेजारी शेजारी चिकटव. मधल्या रेघेवर एक चौकोन ठेव, अर्धा फिका करडा, अर्धा गडद करडा. फिका भाग पांढऱ्यावर आणि गडद भाग काळ्यावर आला, तर वर धुरकट काच ठेवल्यासारखी वाटते. कागद मात्र सगळे अपारदर्शक! चौकोन असा फिरव की गडद भाग पांढऱ्यावर येईल, काच नाहीशी होते. इटलीतल्या पादुआचे मानसशास्त्रज्ञ फाबिओ मेतेल्ली यांनी १९७४ मध्ये अशाच आकृत्यांतून पारदर्शकतेचं गणित मांडलं. १९८४ मध्ये पोर्टर आणि डफ या संगणकतज्ज्ञांनी संगणकावर चित्रांचे थर एकत्र करण्याची जी रीत दिली, तिच्यातही जवळपास तेच सूत्र आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: मानसशास्त्राची पदवी घे, पण संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग सोडू नकोस. पुढे दृष्टिसंवेदनाचा, म्हणजे डोळा आणि मेंदू मिळून कसं पाहतात याचा, अभ्यास करता येईल. संशोधनातच राहायचं तर पीएचडी लागते आणि जागा थोड्या असतात, हे घरच्यांपासून लपवू नकोस. संगणक ग्राफिक्स, स्क्रीनचं तंत्र, नकाशांची मांडणी इथेही हे ज्ञान लागतं. आणि ब्रश खाली ठेवू नकोस. दोन करड्या छटांतला बारीक फरक ओळखणारी नजर प्रयोग रचताना रोज कामाला येते.

सध्या एवढंच कर. चौकोनाचे दोन तुकडे हळूहळू एकमेकांपासून लांब सरकव. कितव्या मिलिमीटरला ती काच मोडते, ते मोज. मग घरच्या प्रत्येकाला तेच दाखवून त्यांचे आकडेही वहीत लिही. पुढच्या पत्रात मला ते पाठव.