कुत्री ढगांच्या गडगडाटाला फार घाबरते, काय करावं?

तुमची चार वर्षांची देशी कुत्री, अंधेरीत सातव्या मजल्यावरचं घर, आभाळ गडगडलं की ती बाथरूममध्ये शिरून थरथरते, दार ओरबाडते, आणि घरचे म्हणतात "लाड करू नका, भीती वाढेल". आधी हा सल्ला डोक्यातून काढा. भीती ही काही खोड नाही, की लाडाने वाढेल. ती बिलगायला आली तर बिलगू द्या, छातीवरून सावकाश हात फिरवा. दडून बसली असेल तर मात्र ओढून बाहेर काढू नका.

जागा तिने निवडली आहे, तीच पक्की करा. बाथरूम कोरडं करून जुनी सतरंजी घाला, पाण्याचं भांडं ठेवा, एक्झॉस्ट फॅन आणि दिवा चालू ठेवा. दिव्यामुळे विजेचा लखलखाट कमी जाणवतो, पंख्याच्या घरघरीत दूरचे गडगडाट बुडतात. दार उघडंच राहावं म्हणून त्याला अडसर लावायला विसरू नका. वाऱ्याने दार आपटून बंद झालं की ती आत अडकते आणि नखं मोडेपर्यंत ओरबाडत राहते. गॅलरी आणि सगळ्या स्लायडिंग खिडक्या बंद, आणि बेल वाजली तर आधी तिच्या खोलीचं दार लोटा, मगच सेफ्टी डोअर उघडा. बिथरलेली कुत्री दाराच्या फटीतून निसटली की जिन्याने खाली पोचायला वेळ लागत नाही.

आता वेळेचं गणित. मुंबईत पाऊस वेगळा आणि गडगडाट वेगळा. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसदिवस झड लागते, पण विजा तुलनेने कमी. खरा कडकडाट मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात, सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर, बहुतेक दुपारनंतर. त्या दिवसांत फोनवर 'दामिनी' अ‍ॅप ठेवा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं हे अ‍ॅप आसपास विजा पडत असतील तर दाखवतं. इशारा दिसला आणि विजा अजून दूर असतील तर लगेच फिरवून आणा, शी-शू उरकून घ्या. वादळ सुरू झाल्यावर बाहेर नेणं म्हणजे भीतीत भर.

गडगडाट सुरू असताना खाऊ जवळ ठेवा: मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेलं चिकन किंवा पनीर, हरभऱ्याएवढे तुकडे, चाळीसेक तरी. आवाज झाला की लगेच एक तुकडा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी खाऊ आणि मग आवाज असं झालं, तर चिकन दिसलं की पुढे काहीतरी भयंकर होणार, असं ती शिकते. तुकडा तोंडात घेऊन टाकून देत असेल, तर भीती खाण्यापलीकडे गेली आहे. मग फक्त शेजारी बसा.

भीती मुळात कमी करायची तर ते काम नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. गडगडाटाचं रेकॉर्डिंग चांगल्या स्पीकरवर लावा. मोबाईलच्या स्पीकरमध्ये खालचा, छातीत घुमणारा आवाज येतच नाही, म्हणून "फोनवर तर ती घाबरत नाही" असं वाटतं आणि जूनमध्ये सगळं फसतं. आवाज इतका हळू ठेवा की तिचा फक्त कान हलावा. गडगडाट, एक-दोन सेकंदांत तुकडा, मग पंधरा-वीस सेकंद शांतता. पाच मिनिटं झाली की बंद. गडगडाट ऐकून ती आशेने तुमच्या हाताकडे बघायला लागली की आवाज एक घर वाढवा. ओठ चाटणं, धापा, कान मागे, शेपूट पोटाशी दिसली की दोन घरं मागे. घाई करून एकदा जोरात आवाज लावला तर आठवड्यांची मेहनत वाया जाते. आणि रेकॉर्डिंगमध्ये लखलखाट किंवा वारा नसतो, त्यामुळे यावर पूर्ण भिस्त ठेवू नका.

ती दार ओरबाडते म्हणताय, म्हणजे व्हेटशी औषधाबद्दल बोलाच. यात कमीपणा काही नाही. गॅबापेन्टिन, ट्रॅझोडोन यांसारखी औषधं भीती चढण्याआधी दिली तर उपयोगी, थरथर सुरू झाल्यावर फारशी नाहीत. पहिला डोस कोरड्या रविवारी देऊन बघा, कारण काही कुत्री त्यावर उलट बेचैन होतात. एकट्या एसप्रोमाझिनवर (गुंगी आणणारं औषध) भागवू नका: शरीर सुस्त पडतं, आतली भीती तशीच राहते. माणसांसाठीच्या गॅबापेन्टिन सिरपमध्ये झायलिटॉल हा गोडवा आणणारा पदार्थ असू शकतो, तो कुत्र्यांना विष आहे. घरातली पॅरासिटामॉल किंवा झोपेची गोळी तर अजिबात नको.

ही भीती अलीकडेच सुरू झाली असेल तर सांधे आणि कानही तपासून घ्या. दुखणाऱ्या कुत्र्याला आवाज जास्त झोंबतो. पुढच्या वेळी गडगडेल तेव्हा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. दवाखान्यात ती शांत बसेल, आणि डॉक्टरांना खरी अवस्था तेवढ्यातूनच कळेल.