गावाची माहिती सगळ्यांनी मिळून लिहायला विकी वापरावं का?

तुम्ही विचारलंय की गावाची माहिती १५-२० जणांनी मिळून लिहायची तर विकी, म्हणजे सगळ्यांना मिळून लिहिता-बदलता येते अशी वेबसाईट, टाकावं का, आणि कुणीही उठून काहीही बदललं तर काय. मी सांगलीचा, आम्ही काही जण हरिपूरच्या हळदीच्या पेवांची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांची, माहिती विकीवर गोळा करतोय, त्यावरून सांगतो.

टाकाच. आणि खराब होईल ही भीती काढून टाका. आमच्यातल्या एका काकूंच्या हातून मोबाईलवर अख्खं पान कोरं होऊन सेव्ह झालं, बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. मी त्यांच्याच शेजारी बसून जुन्या आवृत्त्या उघडल्या, आदल्या दिवशीची निवडली, परत सेव्ह केली, मिनिटभराचं काम. कुणी कधी काय बदललं ते सगळं तिथं राहतं, म्हणून तर हे सॉफ्टवेअर घ्यायचं. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ ला पहिलं विकी काढलं तेव्हा नाव होनोलुलू विमानतळावरच्या विकी विकी बसवरून घेतलं, हवाईच्या भाषेत विकी म्हणजे चटकन, म्हणजे चूक दिसली की परवानगी मागत न बसता तिथल्या तिथं दुरुस्त करायची.

खरी अडचण वेगळी आहे, लोक लिहीतच नाहीत. सगळं वाचतात, छान म्हणतात आणि बंद करतात. मी सुरुवातीला पानं अगदी पूर्ण करून टाकायचो, तिथंच चुकत होतं. मग एक पान मुद्दाम अर्धं सोडलं, "पेव उघडल्यावर लगेच आत का उतरत नाहीत?" एवढंच लिहून. त्याच काकूंनी रात्री बसून पंधरा-वीस ओळी लिहिल्या, आतली हवा कोंदलेली असते, तोंड उघडून तासन् तास थांबायचं, त्यांचे सासरे कसे थांबायचे, सगळं. त्यानंतर माहितीचं खरोखर पेवच फुटलं. २००५ च्या महापुरात पेवांचं फार नुकसान झालं, आता ती भरणारी माणसंही थकलीत, त्यामुळं त्या ओळी मला फार मोलाच्या वाटतात.

वाद होणारच. महापुराचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं यावर आमच्याकडं दोघं एकमेकांचं खोडत बसले होते, त्यांना म्हटलं पानावर नको, चर्चेसाठी वेगळं पान असतं त्यावर लिहा, फोटो असेल तर लावा. दोन्ही आठवणी नावासकट ठेवल्या.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर विकिपीडिया चालतो ते मीडियाविकी ताकदीचं आहे पण त्याला डेटाबेस लागतो, सांभाळणारं माणूस पाहिजे. तुमच्याएवढ्या ग्रुपला डोकूविकी बास, त्यात प्रत्येक पान म्हणजे साधी टेक्स्ट फाईल, अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केलं की बॅकअप झाला. फक्त नवीन खाती उघडायची सोय सगळ्या जगाला खुली ठेवू नका, जाहिरातींचा कचरा येऊन पडतो, खाती तुम्हीच बनवून द्या. आणि पहिल्या दिवशी पाचच पानं टाका, तीही अर्धी.